एका माणसापुरती सुकी भाजी

माझ्या आत्याला स्वयंपाक येत नव्हता, असं मी म्हटलं तर बल्बच्या कारखान्यातली निम्मी माणसं माझ्या अंगावर धावून येतील. येऊ देत. तिला येत होती ती सुकी भाजी, आणि तीही पाच-सहाशे माणसांची. एका माणसाची भाजी करायची वेळ साठी उलटेपर्यंत तिच्यावर कधी आलीच नव्हती.

ऐन विशीत ती त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये लागली आणि केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिली. कँटीनमध्ये कामाची वाटणी ठरलेली होती. पोळ्यांच्या बायका वेगळ्या, भाताचा माणूस वेगळा, डाळ एका उंच, काटकुळ्या माणसाकडे आणि सुकी भाजी आत्याकडे. म्हणून डाळवाल्याला सगळे पातळराव म्हणत आणि आत्याला सुकीबाई. त्याला ते नाव शोभायचं. आत्या अंगानं चांगली भरलेली, तिला ते मुळीच शोभत नसे. पण अशी नावं एकदा चिकटली की निघत नाहीत, आणि तिला स्वतःलाही ते आवडत होतं असं मला वाटतं.

मी लहान असताना एकदा ती मला कँटीन दाखवायला घेऊन गेली होती. तिची कढई एवढी मोठी, की घासताना बाई कमरेपर्यंत आत जायची. उलथनं म्हणजे जवळजवळ फावडंच. तेल तापलं, मोहरी पडली, की आजूबाजूची माणसं आपोआप दोन पावलं मागं सरायची. मग जिरं, हळद, मिरच्या, आणि वरून चिरलेल्या कोबीचा डोंगर. त्यावर आत्या मिठाच्या मुठी टाकायची. डोंगर हळूहळू खाली बसायचा, कोबीला पाणी सुटायचं, त्या पाण्यातच तो शिजायचा, आणि पाणी आटलं की भाजी झाली. वरून थेंबभर पाणी नाही. भेंडी असो, फ्लॉवर असो, बटाटा असो, सुक्या भाजीत पाणी घालायचं नाही हा तिचा नियम होता. नियम कसला, घमेंडच होती ती. एका नवीन बाईनं घाईघाईत घेवड्याच्या शेंगांवर तांब्याभर पाणी ओतलं, तर आत्यानं ती अख्खी कढई पातळरावाकडे पाठवून दिली आणि सांगितलं, आता ही तुझी, डाळीत घाल. पातळराव काही कमी नव्हता. तुझी भाजी घशाखाली उतरवायला शेवटी माझीच डाळ लागते, असं तो तिला रोज ऐकवायचा. दोघांची ही जुगलबंदी वर्षानुवर्षं चालली होती. पुढं तो मुलीकडे दूरच्या गावी राहायला गेला आणि तिथंच वारला. ते आत्याला कितीतरी दिवसांनी, दुसऱ्याच कुणाकडून तरी कळलं.

आत्यानं लग्न केलं नाही. का, ते आमच्या घरात कुणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तरी तिनं उडवून लावलं असतं. पडद्याच्या कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक खोली तिनं भाड्यानं घेतली होती. खोलीत पलंग, कपाट, ट्रंक, खिडकीशी एक खुर्ची आणि ओट्यावर एका बर्नरची शेगडी. ती शेगडी चहापुरती. दोन्ही वेळचं जेवण कँटीनमध्ये व्हायचं. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे यायची.

आमच्याकडे आली की बाहेरच्या खोलीत बसायची. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली की माझी आई, म्हणजे तिची वहिनी, तिला हाताला धरून परत खुर्चीत आणून बसवायची. रोज तेच करता, आज तरी हात पुसून बसा, असं म्हणायची. आईच्या मनात काहीच वाकडं नव्हतं. खरंच माया होती. पण त्या मायेपायी आत्या इतकी वर्षं आमच्याकडे आली आणि आमचं स्वयंपाकघर तिनं धड पाहिलंसुद्धा नाही. बाबांबरोबर रेडिओ ऐकत, जेवायची हाक येईपर्यंत ती गुपचूप बसून राहायची. पुढं बाबा गेले, मग आई गेली, आणि ते येणंही थांबलं.

ती निवृत्त झाली तेव्हा कँटीनमधल्या लोकांनी तिला एक छोटीशी, चकचकीत कढई भेट दिली. आता घरी आरामात करा आणि खा, असं सगळे म्हणाले. मला तर राग आला होता. बस चालवण्यात हयात घालवलेल्या माणसाला निरोपाला खेळण्यातली बस द्यावी, तसं ते होतं. आत्या मात्र ती कढई मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आली आणि मला म्हणाली, गोड आहे गं.

गोड होती, पण तिच्यात भाजी होईना.

आधी तर हातच आवरेना. बाजारात गेली की दोन मोठाले कोबी घेऊन यायची, पिशवीभर बटाटे आणायची. चिरायला बसली की सुरी थांबायची नाही, समोर ढीग दिसल्याशिवाय आपण काही काम केलंय असं तिला वाटायचंच नाही. भेटीची कढई तिनं शिंकाळ्यासारखी भिंतीला टांगून ठेवली आणि एक मोठं पातेलं विकत घेतलं. भाजी उरली की डबे भरून शेजाऱ्यांकडे. सुरुवातीला सगळे खूश. सुकीबाईंच्या हातची चव म्हणजे काय विचारता, असं जिन्यात एकमेकांना सांगायचे. पण रोज रोज दुसऱ्याच्या घरची भाजी कोण खाणार? कुणाच्या मुलांना फ्लॉवर आवडत नव्हता, कुणी तिखट सोडलं होतं. मग तिची चाहूल लागली की दारं लोटली जायला लागली, आत टीव्हीचा आवाज हळू व्हायला लागला. लोकांना तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतं, आणि दार न उघडणं सोपं असतं.

एकदा मी तिच्याकडे गेले तेव्हा तिच्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती. समोरच्या बाईनं डबा परत ठेवला होता. मी उघडून पाहिला, तर भाजी जशीच्या तशी, वर कोथिंबीर भुरभुरलेली, चमचासुद्धा लागला नव्हता. आत्यानं डबा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली की त्या बाहेरगावी गेल्या असतील. त्या बाहेरगावी गेल्या नव्हत्या. आतून त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. आम्ही दोघींनी ती भाजी तशीच थंड खाल्ली. मला त्या समोरच्या बाईचा इतका संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकलंही नव्हतं.

त्यानंतर आत्यानं वाटणं बंद केलं आणि ती भिंतीवरची कढई खाली काढली.

आता खरी पंचाईत सुरू झाली. तिच्या हाताला मूठ माहीत होती, चिमूट माहीतच नव्हती. भाजी खारट व्हायची, मग तिखट व्हायची. ते एक वेळ चाललं असतं. पण ती भाजी शिजायचीच नाही, जळायची. पाच-सहाशे माणसांच्या कोबीला पाणी सुटतं, एका माणसाच्या कोबीला सुटत नाही. ओंजळभर कोबी गरम कढईत पडतो, त्याचं जे काय चार थेंब पाणी असेल ते लगेच उडून जातं, आणि कच्चा असतानाच तो खाली धरायला लागतो. आणि आत्याची सवय अशी, की मीठ टाकून ढवळलं की ती दुसऱ्या कढईकडे वळायची. कँटीनमध्ये चार कढया एका वेळी चालायच्या, एकीशी उभं राहायला कुणाला फुरसत होती? इथं दुसरी कढई नव्हती. मग ती खिडकीशी जाऊन बसायची, रस्त्यावरची माणसं बघायची, आणि मागं धूर व्हायचा.

थोडं पाणी घाला, असं तिला ज्यानं त्यानं सांगितलं. मीही सांगितलं. सल्ला द्यायला कुणाचं काय जातं. पण आत्या ऐकेल तर शपथ. सुक्या भाजीत पाणी घालून खाण्यापेक्षा मी पाव खाईन, असं म्हणायची, आणि खरंच पाव खायची. जळकी कढई घासून घासून तिची बोटं खरखरीत झाली होती, पण हट्ट काही सुटला नाही. तिच्याकडे तेवढं एकच तर उरलं होतं.

हट्ट खोलीत राहायचा, धूर मात्र राहत नसे. तो खिडकीतून बाहेर जायचा, आणि खाली घरमालकांच्या दुकानात पडदे टांगलेले असायचे. एका गिऱ्हाईकानं शिवून नेलेले पडदे परत आणले, म्हणे घरभर जळक्या कोबीचा वास येतोय. मालक तसे सरळ माणूस होते. त्यांनी पहिल्यांदा कानाडोळा केला, दुसऱ्यांदा जिन्यात थांबवून समजावलं. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा खोली धुरानं भरलेली होती आणि आत्या पलंगावर खोकत बसली होती. ते घाबरले असावेत. त्यांनी माझ्या थोरल्या भावाला फोन केला आणि सांगितलं, आणखी एकदा धूर झाला तर खोली रिकामी करा, उद्या काही पेटलं तर मी काय करू.

दादानं वाटच पाहिली नाही. आत्याला आपल्याकडे आणायचं ठरवून टाकलं. तोही वाईट नाही. घर मोठं आहे, तिला वेगळी खोली देणार होता, टीव्ही लावून देणार होता. माझ्या वहिनीनं, दादाच्या बायकोनं, फक्त एकच सांगितलं होतं, की आत्यांनी स्वयंपाकघरात यायचं नाही, त्यांनी आता आराम करायचा. दादानं हे आत्याला फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं. मग आत्यानं मला फोन केला आणि विचारलं, त्यांच्याकडे बाहेरच्या खोलीत खुर्ची कुठं असते गं, खिडकीशी असते का.

एवढं एकच विचारून तिनं फोन ठेवला. रविवारी दादा गाडी घेऊन येणार होता, आणि आदल्या दिवशी सामान बांधायला मी जायचं ठरलं. मी तरी दुसरं काय करणार होते? मी दातांच्या डॉक्टरकडे नोंदणीच्या टेबलावर बसते आणि दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते. तिला ठेवून घ्यायला माझ्याकडे जागा नव्हती.

शनिवारी सकाळी मी गेले तर ट्रंक अर्धी भरून झालेली. ओट्यावर मात्र सगळं जागच्या जागी होतं, शेगडी पुसलेली, आणि शेजारी अर्धा कोबी. मी तिकडे पाहिलं. आत्या म्हणाली की उद्यापासून चूल नाही, तर आज एकदा करून बघते.

मी म्हटलं, अगं, मालक खाली बसलेत, धूर झाला तर आजच हाकलतील. ती म्हणाली, उद्या जातेच आहे, आज हाकललं तर एक दिवस आधी जाईन. असं बोलली की समजायचं, तिच्या डोळ्यांत पाणी आहे. माझं धरू नकोस, मी खाऊन आलेय, एवढं मात्र मी ठासून सांगितलं, नाहीतर अख्खा कोबी चिरला गेला असता. तिनं थोडासा कोबी चिरला. बारीक, एकसारखा, बघत राहावं असा. कढईत तेल टाकलं. मोहरी तडतडली, जिरं लाल झालं, हळद पडली, कोबी पडला. तिनं मीठ घातलं, या खेपेला बोटांनी. ढवळलं. आणि सवयीनं मागं वळली.

मला आईची आठवण झाली. का झाली सांगता येत नाही, त्या फोडणीच्या वासानं झाली असेल. आमच्या घरी कढईवर नेहमी एक ताट असायचं आणि त्या ताटात पाणी. आम्ही पोरं जवळ गेलो की आई ओरडायची, पाणी सांडेल, भाजेल. मी शेल्फवरचं स्टीलचं ताट घेतलं, कढईवर झाकलं, गॅस बारीक केला आणि ताटात पेलाभर पाणी ओतलं.

आत्या झटक्यात वळली. "पाणी?"

"आत नाही, वर. आत एक थेंब नाही पडणार."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच ती घेवड्याच्या शेंगांवर पाणी ओतणारी बाई. पण ताटाला हात लावला नाही. मी तिला सांगितलं, वरच्या पाण्यानं ताट गार राहतं, म्हणून खालची वाफ बाहेर पळत नाही, ताटाला लागून पुन्हा भाजीतच पडते. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. या वेळी ती खिडकीशी गेली नाही. ओट्याशी हाताची घडी घालून उभी राहिली. थोड्या वेळानं ताटातलं पाणी कडेनं थरथरायला लागलं. तिनं फडक्यानं ताट अलगद उचललं. खालच्या बाजूनं थेंब लोंबत होते आणि एकेक करून कोबीवर पडत होते. कोबी मऊ झाला होता, पिवळाधमक, कुठं काळा डाग नाही. तिनं उलथन्यानं तळ खरवडून पाहिला. काही लागलं नव्हतं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"आईनं. म्हणजे शिकवलं असं नाही, ती रोज करायची."

"वहिनीनं?" आत्या ते ताट हातात धरून तशीच उभी राहिली. "मग मला कधी दिसलं कसं नाही?"

"तू बाहेर बसायचीस ना, आत्या."

तिनं ताट परत झाकलं, मग काढलं, भाजी कोरडी करून गॅस बंद केला. कँटीनच्या कढईवर झाकायला एवढं मोठं ताट जगात कुणी केलेलं नाही. जी गोष्ट घराघरांतल्या बायकांना झोपेतही येते, ती तिला एवढ्या वर्षांत कुणी दाखवली नव्हती, कारण तिला कुणी आत येऊच दिलं नव्हतं. मला रडू येत होतं, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. आई तर आता या जगात नाही.

आत्यानं भाजी ताटलीत काढून घेतली. सगळी मावली. पावाबरोबर ती खुर्चीत बसून खाऊ लागली, हळूहळू, मान खाली घालून. मध्येच म्हणाली, मीठ बरोबर आहे. पुन्हा खाल्लं. शेवटचा तुकडा पुसून घेतला तेव्हा कढईत काही नव्हतं आणि ताटलीतही काही नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. मालक होते. फोडणीचा वास खाली गेला असणार, आणि ते धूर बघायलाच जिना चढून आले असणार. दारातून त्यांनी छताकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, कढईत डोकावलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"आज काही जळलं नाही, बाई," ते म्हणाले. "उलट वास असा सुटलाय की खाली बसवेना. काय केलंय, द्या की जरा चव बघायला."

आत्या चटकन उठली. हात उलथन्याकडे गेला, आयुष्यभर जसा जात आला तसा. मग तिनं कढईकडे पाहिलं.

"संपली," ती म्हणाली.

मालक हसले, बरं बरं म्हणाले. जाता जाता त्यांनी सांगितलं की असंच होणार असेल तर त्यांची काही हरकत नाही, राहा की हवं तितकं, एवढ्या वर्षांचा भाडेकरू कुणाला घालवायचा असतो. ते खाली गेले. जिन्यावरचा त्यांच्या चपलांचा आवाज थांबला तरी आत्या उभीच होती.

मी आनंदानं ट्रंक उघडली आणि तिच्या साड्या परत कपाटात लावायला लागले. म्हटलं, दादाला आत्ताच कळवते, गाडी आणू नकोस म्हणून. ती हो म्हणाली. मग खुर्चीत बसली आणि एकदम तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही. मी जवळ गेले, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिला राहायचं होतं, राहायला मिळालं होतं, आता काय झालं, असं मी दोनदा विचारलं.

"ताटली पुढं करणाऱ्याला संपली म्हटलं गं मी," ती म्हणाली. "मी. कधी म्हटलं नव्हतं."

मग उठली, तोंड धुतलं, छोटी कढई घासली. आज घासायला फार लागलं नाही. ताटातलं कोमट पाणी कुंडीतल्या रोपाला घातलं. दादाशी स्वतःच बोलली आणि त्याला काही बोलू न देता फोन ठेवला. मला चहा करून दिला. दुपारभर आम्ही साड्या लावल्या, ट्रंक पलंगाखाली सरकवली, आणि संध्याकाळ व्हायच्या आत मी निघाले.

ती जिन्याच्या कठड्यापर्यंत आली. मी पुढच्या शनिवारी येते म्हटलं. पूर्वी ती म्हणायची, कधीही ये, कँटीनमध्ये काय कमी आहे.

"ये," ती म्हणाली. "पण आदल्या दिवशी सांग हं. आता मोजून करते."